बाईंचा नवस

माझ्या मानेवरचा काळा पट्टा मळाचा नाही, हे आईला बरीच वर्षं पटलं नव्हतं. मी अकरावीत असताना तो पहिल्यांदा दिसला. मागच्या बाजूला, वेणीच्या खाली, मखमलीसारखा जाडसर. दर रविवारी आई मला न्हाणीत खाली बसवायची आणि बेसन-दही लावून मान चोळायची. त्यानं जाईना तेव्हा एकदा तिनं टाचा घासायची वजरी घेतली. मान सोलवटली, आठवडाभर कपडा लागला की चुरचुरायची, आणि खपली पडल्यावर खाली पट्टा होता तसाच. आईचा राग खरं तर माझ्यावर नव्हता. नगरला आम्ही ज्या वस्तीत राहायचो, तिथल्या बायांच्या अंगाविषयी आणि घराविषयी बाहेरचे लोक काय बोलतात, ते तिनं आयुष्यभर ऐकलं होतं. तिच्या फळीवरच्या भांड्यांत तोंड दिसायचं. अशा बाईच्या मुलीची मान काळी, हे तिला सहन होत नव्हतं.

पाळीविषयी मात्र आमच्यात बोलणं नव्हतं. पहिलं वर्ष सोडलं तर माझी पाळी तिच्या मनाला येईल तेव्हा यायची. दोन महिन्यांनी, चार महिन्यांनी. एकदा दिवाळीनंतर जी गेली ती आषाढात आली. मैत्रिणी पोटात कळा येतात म्हणून कुरकुरायच्या आणि मी नुसती ऐकून घ्यायचे. मग ओठांवर लव आली, हनुवटीवर चार-दोन राठ केस आले. डी.एड.च्या वसतिगृहात मी सगळ्यांच्या आधी उठून खिडकीशी आरसा धरायचे आणि ते चिमट्यानं उपटायचे. चिमटा कंपासपेटीत कर्कटकाच्या खाली असायचा. दोन वर्षं एका खोलीत राहून माझ्या खोलीतल्या मुलींना त्याचा पत्ता लागला नाही, याचा मला तेव्हा अभिमान वाटायचा.

डी.एड. संपल्यावर आई मला ज्या पहिल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, त्यांनी गोळ्या दिल्या. पाच दिवस घ्यायच्या, थांबवायच्या, मग पाळी येणार. यायची. गोळ्या बंद केल्या की तीही बंद. लग्न झालं की सगळं सुरळीत होईल, असं त्यांनी आईला सांगितलं, आणि आईनं ते मनाशी धरून ठेवलं. दोन स्थळं आली. दुसऱ्या स्थळाच्या वेळी मुलाच्या आईनं मला खिडकीजवळच्या खुर्चीवर बसायला सांगितलं, उजेडात माझ्या हनुवटीकडे बराच वेळ पाहिलं, आणि पोहे तसेच ठेवून ती माणसं उठली.

जिल्हा परिषदेची ऑर्डर आली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. पाथर्डी तालुक्यातलं एक कोरडं गाव, दोन शिक्षकांची शाळा. मुख्याध्यापक गुरुजी पाथर्डीहून स्कूटरवर येऊन-जाऊन करायचे. मी तिथंच राहायचं ठरवलं. खोली मिळायला महिना गेला. ज्यांच्या खोल्या रिकाम्या होत्या त्यांनी नकाराचं कारण सांगितलं नाही, आणि मला ते विचारायची गरज नव्हती. आमच्या घरात आजोबांनी छपन्न साली दीक्षा घेतली होती. आडनावावरून गावाला सगळं कळलेलं होतं. शेवटी रस्त्याच्या कडेच्या एका म्हातारीनं तिच्या घरामागची पत्र्याची खोली दिली. तिचे दोन्ही मुलगे ऊसतोडीला साखर कारखान्यावर जायचे आणि सहा महिने घर ओस पडायचं. तिला सोबत हवी होती.

तिथलं गाव दसऱ्यानंतर रिकामं होतं. मुकादमाचे ट्रक येतात, आणि त्यांत माणसं, बैलं, भांडीकुंडी, कोंबड्या असं सगळं चढतं. माझ्या वर्गात जूनमध्ये छत्तीस मुलं असायची, दिवाळीनंतर तेरा उरायची, तीही आजी-आजोबांकडे ठेवलेली. संध्याकाळी चुली पेटायच्या त्या मोजता यायच्या. पहिल्या हिवाळ्यात मी रोज शाळा सुटल्यावर वह्या तपासायचे, भाकरी करायचे आणि आठ वाजता अंथरुणात शिरायचे. म्हातारीला ऐकू कमी यायचं. काही काही दिवस असे जायचे की शाळेबाहेर माझ्या तोंडून एक वाक्य निघालेलं नसायचं. वजन वाढत गेलं. ब्लाऊज उसवून घेतले, मग नवे शिवले.

मी सत्तावीस वर्षांची होते त्या दिवाळीच्या सुट्टीत आई मला नगरच्या एका नव्या डॉक्टरणीकडे घेऊन गेली. ती पस्तिशीची असेल. तिनं सोनोग्राफी करायला सांगितली. पोट फुगेपर्यंत पाणी पिऊन आम्ही बाकावर बसलो होतो, आजूबाजूला सगळ्या गरोदर बाया. शेजारच्या बाईनं मला प्रेमानं विचारलं, कितवा लागला? आईनं माझ्याआधीच उत्तर दिलं, तिसरा. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं समोरच्या भिंतीकडे.

डॉक्टरणीनं काळ्या-पांढऱ्या चित्रावर बोट ठेवून दाखवलं. दोन्ही अंडाशयांच्या कडेनं बारीक बारीक पाण्याचे फुगे, माळेसारखे. मग तिनं माझी वेणी बाजूला करून मान पाहिली.

"हा पट्टा घासून जाणार नाही," ती आईला म्हणाली. "हा मळ नाही. आजाराची खूण आहे."

आणि मग मला, शिक्षिका आहे म्हणून की काय, तिनं नीट समजावून सांगितलं. माझ्या शरीरात इन्शुलिन कमी नव्हतं, उलट जास्त होतं. पण शरीर त्याला दाद देत नव्हतं, म्हणून ते आणखी आणखी तयार होत होतं, आणि त्या जादा इन्शुलिननं अंडाशयांचं काम बिघडवलं होतं. केस, पट्टा, पाळी, सगळं त्याच्याशीच जोडलेलं. साखर अजून काठावर होती. असंच चाललं तर पुढं मधुमेह. मी विचारलं, यावर गोळी कोणती?

"गोळीचं पुढं बघू. आधी रोज चाला. भरभर, पाऊण तास, घाम येईपर्यंत. स्नायू कामाला लागले की शरीर इन्शुलिनला दाद देतं. पण चालण्याचा गुण दीड-दोन दिवसच टिकतो. साठवून ठेवता येत नाही. म्हणून रोज."

वजनकाट्याकडे फार बघू नका, असंही ती म्हणाली. काटा हलला नाही तरी आत फरक पडतो.

परत येताना रिक्षात आईनं हात मागे नेला आणि माझ्या मानेवर ठेवला. घर येईपर्यंत तो तसाच होता. घरी आल्यावर फक्त एवढं म्हणाली, की हे कुणाला सांगू नकोस. वडिलांनाही नाही.

मी पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले आणि गावी परतले.

खेड्यात बाईनं नुसतं चालणं किती अवघड असतं, ते मला तोवर माहीत नव्हतं. बाया तिथं दिवसभर चालतात. पाण्याला, सरपणाला, शेतावर, आठवडी बाजाराला. पण हातात काही नाही, डोक्यावर काही नाही, आणि जाऊन कुठं पोचायचंही नाही, असं कुणी चालत नाही. मी सकाळी सहाला निघायचे, गाडीवाटेनं माळावर, तिथून टेकाडावरच्या देवीच्या ठाण्यापर्यंत आणि परत. पन्नास मिनिटं लागायची. पाचवारी साडी आणि खाली बूट. पहिल्याच दिवशी पारावरच्या तीन म्हाताऱ्यांनी विचारलं, बाई, कुठं निघालात? मी म्हटलं, जरा त्या बाजूला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी प्लास्टिकचा रिकामा कॅन हातात घेतला, दुधाला चालले असं वाटावं म्हणून. आठवड्यानं दूधवाल्यानंच विचारलं, बाई, तुमी दूध कुनाकडनं घेता?

यातून मला सोडवलं ते माझ्या घरमालकिणीनं. ठाण्याच्या बाजूनं मला येताना कुणीतरी रोज पाहत होतं, तिनं त्याचा अर्थ लावला. बाईंनी देवीला चालायचं धरलंय, नवस हाय, लगीन जमत न्हाई म्हनून. दोन दिवसांत ते गावभर झालं. आणि विचारणं थांबलं. पारावरचे म्हातारे मला येताना पाहून पाय आखडून वाट द्यायला लागले.

मी नाही म्हटलं नाही. हे लिहिताना आजही मला बरं वाटत नाही. आमच्या घरात नवस-सायास नव्हते, अंगारा-धुपारा नव्हता. माझ्या वडिलांनी एकदा पाहुण्यांनी दिलेला ताईत माझ्या हातावरून सोडवून न बोलता त्यांना परत केला होता. आणि त्यांची मुलगी एका खोट्या नवसाच्या आडोशानं चालत होती. ठाण्यापाशी पोचले की मी आत जायचे नाही, पायरीला वळसा घालून फिरायचे. एवढंच मी स्वतःसाठी राखलं होतं.

असे तीन आठवडे गेले. मग एका सकाळी गाव संपतं तिथं बाभळीपाशी ती उभी होती.

मी तिला ओळखत होते. वर्गातल्या एका मुलीची ती चुलती. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, काटक, उन्हानं रापलेली. लग्नाला दहा वर्षं झालेली, मूल नव्हतं. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते. तो तोडतो, ती मोळ्या बांधून वाहते, आणि अशा जोडीला तिकडं एक कोयता म्हणतात. दहा हंगाम ती नवऱ्याच्या कोयत्यात होती. त्या वर्षी नवरा दुसरी बाई करून तिला घेऊन गेला होता, आणि हिला सासू-सासऱ्यांपाशी ठेवलं होतं.

"बाई, मी येऊ का तुमच्यासंगं?" तिनं विचारलं. "माजं बी देवीकडं मागनं हाय."

मला हो म्हणण्यावाचून दुसरं काही सुचलं नाही.

ती अनवाणी होती. नवसाचं चालणं अनवाणीच करायचं असतं, तुमच्या लोकांत बूट चालत असंल, असं ती अगदी साधेपणानं म्हणाली. माझ्या धापा लागायच्या, ती बोलत बोलत चालायची. कारखान्यावरच्या पालांच्या गोष्टी, पहाटेच्या थंडीत उसाच्या पात्यानं कापणारे हात, मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना तोल कसा सांभाळायचा. ठाण्यापाशी आलो की ती आत जायची आणि मी बाहेर दगडावर बसायचे. आतून तिचं पुटपुटणं यायचं. ती बाहेर आली की तिच्या कपाळाला कुंकू असायचं. ती मला लावायला यायची नाही. माझ्या घराण्याचा तिनं ठेवलेला मान असेल, किंवा विटाळही असेल. मी विचारलं नाही.

पण मला सोबत मिळाली होती. तीन वर्षांत पहिल्यांदा सकाळी उठताना मला कुणाला तरी भेटायचं असायचं. सकाळी काय बोलायचं राहिलं ते मी रात्रीच आठवून ठेवायचे. आणि जितकी ती मला आवडायला लागली, तितकं तिच्या पायांकडे बघणं मला जड जायला लागलं. माळावर कुसळं, सराटे. डिसेंबरच्या थंडीत तिच्या टाचा उलल्या होत्या. एकदा ठाण्याच्या पायरीवर मला रक्ताचे दोन ठसे दिसले.

त्या दिवशी ती बाहेर आली तेव्हा मी तिला खाली बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. सोनोग्राफी, फुगे, इन्शुलिन, गोळ्या, चिमटा. आईलाही जे पूर्ण सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत ऐकत होती.

"म्हंजी देवीचं काई न्हाई?"

"नाही."

"डागदरनं चालाया सांगितलंय."

"हो."

ती पायातला सराटा काढत बसली. मग म्हणाली, "मग मला का येऊ दिलं?"

मी म्हटलं, "एकटीला कंटाळा यायचा."

ती उठली आणि माझ्या पुढं चालायला लागली. गावापर्यंत ती पुढंच राहिली. दुसऱ्या दिवशी बाभळीपाशी कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नाही. मी चालत राहिले, पण पाय उचलत नव्हते. गावात सांगेल, असं मला वाटलं, आणि मग हेही वाटलं की सांगितलं तर बरंच होईल.

पाचव्या दिवशी ती होती. पायात टायरच्या चपला.

"देवीसाटी नसंल तर पाय कशाला फाडायचं," ती म्हणाली, आणि चालायला लागली.

त्या दिवशी तिनं मला खूप विचारलं. तिची पाळी महिन्याच्या महिन्याला यायची, एक दिवस मागं-पुढं नाही. अंगावर केस नाहीत, मान स्वच्छ. दहा वर्षं मोळ्या वाहिल्यावर व्यायाम कमी पडला म्हणावं तर तेही नाही, असं म्हणून ती हसली. मग मूल का नाही? माझा आजार तिचा नव्हता, एवढंच मला कळत होतं. थोडं पुढं गेल्यावर तिनं विचारलं, "मला दाखवतील का त्या मशिनीत?"

दवाखान्यासाठी सासूनं सोडलं नसतं. पण बाईंच्या नवसाची ओटी भरायला नगरला जायचंय, सोबत बोलावलंय, असं तिनं घरी सांगितलं आणि सासूनं लगेच परवानगी दिली, वर खणही दिला. खोटं बोलणं मी सुरू केलं होतं, तिला मी कोणत्या तोंडानं अडवणार?

एका शनिवारी सकाळची शाळा करून आम्ही एसटीनं नगरला गेलो. बाकावर पाणी पिऊन बसलेल्या तिला मी बघत होते. कुणी विचारलं असतं तर मीही तिसराच सांगितला असता. डॉक्टरणीनं तिला तपासलं, मशिनवर पाहिलं, प्रश्न विचारले. सगळं चांगलं दिसतंय, म्हणाली. आणखी तपासण्या आहेत, पण त्याआधी एक सोपी तपासणी व्हायला हवी.

"नवऱ्याला घेऊन या. त्याला इथं काही त्रास होणार नाही. पण त्याचं आधी बघितलं पाहिजे."

तिला ते लगेच कळलं नाही. मला कळलं होतं, मी खाली बघत होते. मग तिनं विचारलं, "म्हंजी त्याच्यात बी असू शकतं?"

"निम्मं तरी पुरुषाचंच काम असतं ना," डॉक्टरीण म्हणाली. "असू शकतं. नसूही शकतं. बघितल्याशिवाय कसं सांगणार?"

परतीच्या एसटीत तिनं खिडकीजवळची जागा घेतली. गाडी घाट चढायला लागली. तशी ती पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. समोरच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला.

"धा वरसं," ती म्हणाली. "धा वरसं मी ऐकून घेतलं. आन हे सांगायचं कुनाला?"

मी तिचा हात धरला. तिच्या पंज्यावर उसाच्या पात्यांचे जुने वण होते. पुढचे काही दिवस ती चालताना त्याच एका गोष्टीवर यायची. नवरा हंगामाहून आला की त्याला कसं सांगायचं, कुणाच्या तोंडून सांगायचं, सासऱ्याच्या कानावर घालावं का. मी म्हटलं, मी सांगते. ती म्हणाली, तुमी न्हाई. तुमचं कोन ऐकंल? तिनं ते लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. खरं होतं ते.

पण हंगाम संपायची वाट बघावी लागली नाही. संक्रांतीनंतर नवराच आला. दुसरी बाई तापानं पडली होती, कोयता मोडला होता, आणि मुकादम ऐकत नव्हता. तो संध्याकाळी आला आणि सकाळी हिला घेऊन जीपनं गेला. मी बाभळीपाशी दहा मिनिटं थांबले. येताना तिच्या पुतणीकडून कळलं. जाताना तिनं माझ्यासाठी निरोप ठेवला नव्हता. नवऱ्यासमोर काय निरोप ठेवणार?

त्यानंतरचे महिने मला नीट आठवतात ते त्यांत काहीच नसल्यामुळं. मी चालत होते. पाणी भरायला लावलेली बाई कारखान्यावर गेली होती, म्हणून विहिरीचं पाणीही स्वतः शेंदत होते. दंड भरायला लागले. पाथर्डीच्या दवाखान्यातल्या काट्यावर दोन किलोचा फरक दिसला, मग तोही दिसेना. पारावरचे म्हातारे आता नवस कधी फिटतो म्हणून वाट बघत होते. सकाळी माळावर एकटीनं चालताना मी कधी कधी तिच्याशी मोठ्यानं बोलायचे. शाळेत आज हे झालं, गुरुजी आजही आले नाहीत. आजूबाजूला कुणी नसायचं.

नुकताच मार्च लागला होता. रविवार होता, मी धुणं धूत होते. अचानक ओटीपोटात ओळखीची, पण फार जुनी अशी कळ आली. गोळी नाही, डॉक्टर नाही, आणि पाळी आली होती. तोवर मी ती मोजणंही सोडलं होतं. मी धुणं तसंच टाकून खोलीत गेले आणि खाटेवर बसले. इतका आनंद झाला होता की हाताचा साबण पुसायचंही राहिलं होतं. मग लक्षात आलं, की हे सांगायला कुणी नाही. म्हातारी उंबऱ्यात कांदे निवडत होती. तिला ओरडून सांगितलं असतं तर अर्ध्या गावाला ऐकू गेलं असतं. ज्या बाईला सांगायचं होतं, ती कुठल्या तरी कारखान्याच्या फडात मोळ्या वाहत होती.

मी आईला कार्ड लिहिलं. उघडं कार्ड पोस्टमनपासून सगळे वाचायचे, म्हणून एवढंच लिहिलं: तब्येत चांगली आहे. आपण ज्याची वाट बघत होतो ते काम झालं, आपोआप झालं. आठ दिवसांनी तिनं शेजारच्या मुलीकडून लिहून घेतलेलं उत्तर आलं: फार आनंद झाला, वडिलांनी पेढे वाटले, बदली कोणत्या तालुक्यात झाली ते कळव. मी ते वाचून हसले. दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा हसू आलं नाही.

पुढच्या पाळीला सदतीस दिवस लागले, त्यापुढच्या पाळीला एकेचाळीस. मेच्या सुट्टीत डॉक्टरणीनं वहीत त्याची नोंद केली आणि म्हणाली, चांगलं चाललंय, थांबू नका. घरी कोण बरोबर चालतं, असं तिनं सहज विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही.

ऊसतोडीची माणसं वैशाखात परतली. ती मला विहिरीवर दिसली, आधीपेक्षा वाळलेली. आणखी चार बाया होत्या, दुसरी बाईही त्यांत होती, अठरा-एकोणीस वर्षांची, अजून तापातून नीट न उठलेली. आम्ही पाण्याचं बोललो. विहीर किती खाली गेली, टँकर कधी येणार. तिनं माझी घागर भरून काठावर ठेवली, आणि ठेवताना हलकेच विचारलं, "आली?" मी मान हलवली. तिच्या तोंडावर क्षणभर असं काही आलं की मला वाटलं ती सगळ्यांसमोर मला मिठी मारेल. मग सासूची हाक आली.

त्याच जूनमध्ये माझी खरंच बदली झाली, अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या बाजूला. तिथं भाताची खाचरं, चढ-उतार, आणि चारी महिने पाऊस. तिथंही मी चालत राहिले, डोक्यावर इरलं घेऊन. आणखी एक स्थळ आलं, त्याला मी स्वतःच सगळं सांगितलं. तो सभ्य होता. कळवतो म्हणाला. त्याचं काही कळवणं आलं नाही, आणि त्यानंतर मी आईला स्थळं बघू नकोस असं सांगितलं. त्या रात्री जेवताना वडिलांनी पहिल्यांदा विचारलं, की तुला नेमकं काय झालंय. मी त्यांना सांगितलं. त्यांनी इन्शुलिन हा शब्द दोनदा म्हणून पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत आले. त्यांचे गुडघे दुखायचे. कोपऱ्यावर थांबून ते म्हणाले, जा तू, मी इथं बसतो.

तिला मी एकदाच पुन्हा भेटले, दीड-दोन वर्षांनी, पाथर्डीच्या स्टँडवर. सेवापुस्तकाच्या कामासाठी मी पंचायत समितीत गेले होते. ती गठुड्यावर बसली होती, शेजारी ती दुसरी, पोरसवदा. मला बघून ती उठली. नवऱ्यानं तपासणी केली का, हे विचारायचं मी टाळत होते, तिनंच सांगितलं. तिनं सांगून बघितलं होतं, त्यानं हात उचलला होता, मग तिनं पुन्हा विषय काढला नाही. दुसरीलाही अजून काही नव्हतं. आता सासू तिला बोलायला लागली होती.

"लई रडती," ती त्या मुलीकडे न बघता म्हणाली. "म्हनून आज घिऊन चालले नगरला. घरी सांगितलंय, ओटी भराया चाललो."

"डॉक्टरणीचा पत्ता आहे का?"

"मला वाट ठावं हाय, बाई."

नगरची गाडी लागली. तिनं त्या मुलीला पुढं घातलं, गठुडं काखेला मारलं आणि गर्दीत घुसून दोघींसाठी जागा धरली. मला वाटलं, मीही चढावं. माझं काम राहिलं होतं, सही व्हायची होती. गाडी निघताना ती खिडकीतून त्या मुलीला काहीतरी समजावून सांगत होती, बोटं मोजून, माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं. मी पंचायत समितीत परत गेले. साहेब जेवायला गेले होते. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले, आणि मग बसवेना म्हणून उठून आवारात फेऱ्या मारायला लागले.